गोवा ते लंडन: हवाई अंतर, लागणारे तास आणि घड्याळाचा घोळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चवथ जवळ आली, किंवा तिकडे इंग्लंडात शाळांना सुट्ट्या लागल्या, की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत घराघरांतून कुणी ना कुणी तिकडे आहे, आणि सावंतवाडी-बांद्याची मंडळीही आता मोपाच्या विमानतळाहूनच निघतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोव्याहून लंडन विमानाने किती किलोमीटर?

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून लंडनच्या गॅटविकपर्यंत सरळ हवाई अंतर सुमारे ७,५४५ किलोमीटर आहे. लंडनच्याच हीथ्रो विमानतळापर्यंत सुमारे ७,५६५. गोव्याच्या जुन्या, दाबोळीच्या विमानतळाहून मोजलं तर यात पंचवीस-तीस किलोमीटर वाढतात, कारण दाबोळी मोपाच्या दक्षिणेला आहे. ढोबळ ७,५५० लक्षात ठेवलं तरी पुरे.

२. एका ठिकाणी ७,५४५ लिहिलंय, दुसरीकडे ४,६९० आणि तिसरीकडे ४,०७५. खरं कोणतं मानायचं?

तिन्ही खरे. पहिला आकडा किलोमीटरचा, दुसरा मैलांचा, तिसरा सागरी मैलांचा. वैमानिक आणि बोटीवरची माणसं सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर तोही चूक नव्हे. कुणी पृथ्वी नेमकी गोल धरून हिशेब करतं, कुणी ध्रुवांपाशी चपटी धरून. कुणी विमानतळापासून मोजतं, कुणी पणजीपासून. तुमच्या प्रवासाला या फरकाने एक मिनिटही इकडचं तिकडे होत नाही.

३. थेट विमानाला किती तास लागतात?

जाताना साधारण दहा ते साडेदहा तास, येताना नऊ ते साडेनऊ. बोईंग ७८७ सारखं विमान उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं, मग ७,५५० किलोमीटरला साडेआठ तास पुरायला हवेत, असा हिशेब बरेच जण मांडून पाठवतात. भागाकार बरोबर आहे, पण तीन गोष्टी सुटतात. विमान सरळ रेषेत जात नाही (प्रश्न ५), त्यामुळे प्रत्यक्षात काहीशे किलोमीटर जास्त उडतं. जाताना वारा समोरून असतो (प्रश्न ४). आणि तिकिटावरचा वेळ हा नुसत्या उड्डाणाचा नसतो; विमान इकडच्या जागेवरून हललं तिथपासून तिकडच्या जागेवर थांबलं तिथपर्यंतचा असतो. विमान कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, लंडनवर जागा मिळेपर्यंत घिरट्या घालणं, हे सगळं त्यात आलं. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात तो पैशांशी जोडलेला आहे.

४. जाताना जास्त आणि येताना कमी वेळ, हे पृथ्वी फिरते म्हणून होतं ना?

नाही. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, त्यामुळे नुसत्या फिरण्याचा विमानाला फायदा-तोटा नाही. कारण वाऱ्याचं आहे. मध्यम अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, ते जेट प्रवाह. थंडीत त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. लंडनकडे जाताना ते समोरून येतात आणि घरी येताना पाठ धरतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दोन बाजूंच्या वेळेतली तफावत जास्त जाणवते, जुलैत कमी. पडद्यावर वेग कधी ७८० तर कधी १,०५० दिसतो, तो जमिनीच्या हिशेबाने असतो. विमानाचं इंजिन दोन्ही वेळी जवळपास सारखंच राबत असतं.

५. विमान नक्की कुठून जातं? नकाशावरची रेषा वाकडी का दिसते?

मला स्वतःला सगळ्यांत आवडणारा प्रश्न हा, म्हणून जरा लांबण लावतो.

नारळावर दोन ठिपके काढून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा घेईल तीच सर्वांत जवळची वाट. तीच वाट भिंतीवरच्या सपाट नकाशावर उतरवली की उत्तरेकडे फुगलेली दिसते, कारण सपाट नकाशा गोलाला ताणून पसरवतो. प्रश्न १ मधलं अंतर याच वाटेचं आहे.

गोव्याहून लंडनकडे असा दोरा ताणला तर तो वायव्येला अरबी समुद्रावरून निघतो, पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर जमिनीला लागतो, इराण तिरका कापून आर्मेनियात येरेव्हानच्या जवळून जातो, मग काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, प्रागचा परिसर, जर्मनी, बेल्जियम असं करत इंग्लंड गाठतो. गंमत म्हणजे शेवटी लंडनपाशी पोहोचताना तो जवळजवळ सरळ पश्चिमेला तोंड करून असतो.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि बातम्या आठवा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. इराणवरून जायचं की नाही, हे तिथल्या परिस्थितीवर ठरतं. पाकिस्तानचं पुढच्या प्रश्नात येतंच. म्हणजे सर्वांत जवळची वाट जवळजवळ कागदावरच राहते. प्रत्यक्षात विमानं बहुतेकदा दक्षिणेकडून वळसा घेतात: ओमान किंवा अमिरात, आखात, इराक, तुर्कस्तान, मग बल्गेरिया-रोमानियाच्या बाजूने युरोपात. कोणत्या दिवशी कोणता वळसा, हे वारा आणि त्या दिवशीच्या सूचना पाहून उड्डाणाआधी ठरतं. म्हणून ‘गेल्या खेपेला काळा समुद्र दिसला, यंदा दिसला नाही’ अशा तक्रारीला काही अर्थ नाही.

६. पाकिस्तानने आकाश बंद केल्यावर गोव्याच्या प्रवासाला किती फटका बसतो?

दिल्ली-अमृतसरच्या मानाने फारच कमी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून युरोपला निघालेल्या भारतीय विमानाला त्यामुळे आधी खाली अरबी समुद्रापर्यंत यावं लागतं आणि मग पश्चिम धरावी लागते. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. आपण मुळातच समुद्रावर आहोत. गोव्याच्या वाटेवर पाकिस्तान म्हणजे मकरानचा एक कोपरा, तो टाळून ओमानच्या बाजूने गेलं की झालं. बंदी भारतीय विमानांना आहे, परदेशी कंपन्यांना ती लागू नाही.

आपल्याला खरी झळ बसते ती आखातात काही झालं की. २३ जून २०२५ ला कतारने काही तासांसाठी आकाश बंद केलं, तेव्हा दोहामार्गे निघालेले लोक जिथल्या तिथे अडकले. तशा दिवशी अंतराचा हिशेब कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

७. मग गोव्याहून लंडनला थेट विमान आहे की नाही?

एअर इंडियाचं मोपा ते गॅटविक असं थेट विमान २०२३ पासून होतं. जून २०२५ मध्ये ते स्थगित करण्यात आलं. अशा सेवा हंगामाप्रमाणे सुरू-बंद होतात, त्यामुळे कुणाच्या सांगण्यावर न जाता तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. एक खूण सांगतो: ‘थेट’ लिहिलेल्या प्रत्येक तिकिटाला न थांबणारं विमान समजू नका. एकच विमान क्रमांक असून मध्ये कुठेतरी उतरणारं विमानही काही ठिकाणी ‘थेट’ म्हणून विकलं जातं. थांब्यांच्या जागी शून्य आहे का ते बघा.

८. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू की दोहा: कुठून गेलं तर जवळ पडतं?

हीथ्रोपर्यंतचं सरळ अंतर ७,५६५ धरून वळसा मोजला, तर उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटतं. मुंबईमार्गे एकूण सुमारे ७,६०० किलोमीटर, म्हणजे वळसा जेमतेम पस्तीस-चाळीसचा. मुंबई अगदी वाटेवरच आहे. दोहामार्गे सुमारे ७,७८५, म्हणजे सव्वादोनशे जास्त. दुबईमार्गे गॅटविकला गेलं तर सव्वाशेच जास्त. दिल्लीमार्गे मात्र ८,२०० च्या आसपास जातं आणि बेंगळुरूमार्गे ८,५५०. बेंगळुरूला जाणं म्हणजे आधी उलट दिशेला चालणं.

पण हवेतले दोनशे किलोमीटर म्हणजे पंधरा मिनिटं. खरा वेळ जातो तो मधल्या थांब्यात. मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं आणि लंडनचं टर्मिनल दोनहून असेल, तर सामान घेऊन रस्त्याने दुसरीकडे जावं लागतं, आणि तो रस्ता मुंबईचा आहे. आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून थांबू नका, कोणतं विमानतळ ते पाहा. दोहा किंवा मस्कतला उतरलं तर एकाच इमारतीत दुसऱ्या दारापर्यंत चालायचं असतं आणि सामान परस्पर पुढे जातं. त्यामुळे कागदावर लांबचा असलेला आखाती मार्ग घड्याळात बरेचदा मुंबईला हरवतो. दीड ते तीन तासांचा थांबा मिळाला तर एकूण प्रवास साडेबारा ते चौदा तासांत बसतो. थांबा आठ तासांचा असेल तर तिकीट स्वस्त का आहे ते कळलंच.

९. तिकिटावर निघायची वेळ पहाटे ५:०० आणि पोहोचायची सकाळी ९:४५. पावणेपाच तासांत लंडन?

दोन्ही वेळा आपापल्या गावच्या आहेत. भारताचं घड्याळ थंडीत लंडनपेक्षा साडेपाच तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेचार तास. ५:०० ला निघून सव्वादहा तास उडालात की भारतात दुपारचे ३:१५ झालेले असतात; थंडीत तेव्हा लंडनला सकाळचे ९:४५, उन्हाळ्यात १०:४५. येताना उलट. गॅटविकहून रात्री ८:०० ला निघून सव्वानऊ तास उडालात, तर गोव्यात उतरताना दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:४५ (उन्हाळा) किंवा १०:४५ (थंडी).

दुबई आपल्या दीड तास मागे आणि दोहा अडीच तास मागे असतं, बाराही महिने. मधला थांबा मोजताना दोन्ही वेळा तिथल्याच घड्याळातल्या असतात, तेव्हा तिथे भारतीय वेळ मिसळू नका.

१०. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळ बदलतं त्या रात्री विमानात असलो तर?

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. तुम्ही हवेत असाल तर तुमचे तास तेवढेच राहतात. छापलेल्या वेळा हा बदल धरूनच असतात, त्यात स्वतःहून काही मिळवू-वजा करू नका.

घोळ होतो तो दुसरीकडे. विमान कंपन्यांचं उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकही याच रविवारांना बदलतं. ऑगस्टमध्ये काढलेलं नोव्हेंबरचं तिकीट असेल तर निघण्याआधी वेळ पुन्हा तपासा. आणि न्यायला येणाऱ्याला भारतीय वेळ न सांगता तिथली वेळ सांगा.

११. तिकीट १४ तारखेचं, वेळ रात्री १२:४०. विमानतळावर कधी जायचं?

१३ तारखेला रात्री. जेवून, दहाच्या आत पोहोचायचं. मध्यरात्रीनंतरच्या विमानांनी जितकी माणसं चुकवली असतील तितकी वाहतूक कोंडीनेही नसतील. तिकीट हातात आल्याबरोबर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकटीत ‘आज रात्री निघायचं’ असं लिहून ठेवा.

१२. दाबोळीहून निघावं की मोपाहून?

हवेत दोन मिनिटांचाही फरक नाही (प्रश्न १). फरक रस्त्यावर आहे. पेडणे, बार्देश, डिचोली आणि सिंधुदुर्गच्या लोकांना मोपा सोयीचं. वास्को, मडगाव, केपे, काणकोणच्या लोकांना दाबोळी. काणकोणहून मोपा म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तीन तास तरी हाताशी ठेवा. धारगळहून वर जाणारा जोडरस्ता झाल्यापासून शेवटचा टप्पा सोपा झालाय, पण त्याआधीचा महामार्ग तोच आहे.

पण निवड बरेचदा आपल्या हातात नसते. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर काही परदेशी कंपन्या दाबोळी सोडून तिकडे गेल्या. कतार एअरवेजचं दोहाचं विमान २०२४ पासून मोपाहून आहे. दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने तिथे नागरी विमानांवर वेळेची बंधनंही आहेत. तिकिटावर दाबोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स ही अक्षरं असतात. जाताना एक आणि येताना दुसरं असं तिकीटही निघतं, तेव्हा गाडी कुठे ठेवताय याचा विचार आधी करा.

१३. तिकडे हीथ्रो बरं की गॅटविक?

जायचंय कुठे त्यावर. स्विंडनला, जिथे आपली वस्ती मोठी आहे, हीथ्रो बरं. तिथून पश्चिमेचा महामार्ग थेट लागतो. साउथॉलला तर हीथ्रो शेजारीच. गॅटविक लंडनच्या दक्षिणेला आहे, तिथून स्विंडनला जाताना लंडनला अर्धा वळसा पडतो. बोटीवर चढायला साउथॅम्प्टनला जाणाऱ्यांना दोन्हीकडून जाता येतं. बोट कंपनीची गाडी कुठे येणार ते विचारून तिकीट घ्या.

१४. मुंबईपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून विमान पकडलं तर?

पैसे वाचतात, वेळ नाही. मडगाव-मुंबई वंदे भारतला साधारण आठ तास लागतात, म्हणजे लंडनच्या प्रवासाच्या निम्म्याहून जास्त वेळ मुंबई गाठण्यातच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात आणि दरड आली की थांबतात. जून ते ऑक्टोबर या काळात रेल्वे आणि विमान एकाच दिवशी जोडू नका. आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम असेल तर मात्र खुशाल.

१५. आई पहिल्यांदाच एकटी येणार आहे, वय सत्तरच्या पुढे. कमी वेळाचा मार्ग घेऊ का?

कमी वेळाचा नको, एका तिकिटाचा घ्या. संपूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर असला तर पहिलं विमान उशिरा पोहोचल्यास पुढचं विमान देण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगवेगळी दोन तिकिटं असली तर ती जबाबदारी आईच्या डोक्यावर येते, मुंबईत, रात्री. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा, कारण सोबत येणारा माणूस रांगा आणि फलक दोन्ही सांभाळतो. मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी नको. आणि तिला तासांचे हिशेब सांगत बसू नका. ‘दोनदा जेवण येईल, मग उतरायचं, परत बसायचं’ असं सांगितलं की पुरतं.

१६. लिस्बन किती लांब? पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद करायला जायचंय.

सरळ अंतर सुमारे ८,३३० किलोमीटर, लंडनपेक्षा आठशेच्या आसपास जास्त. गोव्याहून न थांबता जाणारं विमान नाही. आखातातून किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून जावं लागतं आणि एकूण सोळा तासांच्या खाली क्वचितच बसतं. पोर्तुगालच्या मुख्य भूमीचं घड्याळ लंडनसारखंच चालतं, तेव्हा प्रश्न ९ आणि १० जसेच्या तसे लागू. ज्या पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ उघडला, त्यांच्या राजधानीला आजही तिथून एका उडीत जाता येत नाही.

१७. विमान पाच तास उशिरा पोहोचलं. अंतर जास्त म्हणून भरपाई जास्त मिळते का?

इथे मात्र अंतर खरोखर पैशांत मोजलं जातं, आणि दिशेवरही बरंच अवलंबून असतं.

ब्रिटनच्या नियमानुसार ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात चार तास किंवा त्याहून उशिरा पोहोचलात तर माणशी ५२० पौंड भरपाई असते. तीन ते चार तासांच्या उशिराला निम्मी. अंतर प्रश्न ५ मधल्या ताणलेल्या दोऱ्याने मोजतात, प्रत्यक्ष वळशाने नाही, आणि एकाच बुकिंगवर असाल तर निघण्यापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत. पण ब्रिटनहून निघताना कोणतीही कंपनी असली तरी हा नियम लागतो. ब्रिटनला जाताना तो फक्त ब्रिटिश आणि युरोपीय कंपन्यांना लागतो. म्हणजे लंडनहून गोव्याला येताना भारतीय किंवा आखाती विमान रखडलं तर मागणी करता येते, जाताना त्याच विमानाबद्दल नाही. वादळ, आकाश बंद होणं अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. त्या वेळी जेवण आणि राहण्याची सोय मात्र मागता येते.

भारतातल्या नियमात किलोमीटर येतच नाहीत, तिथे ब्लॉक टाइम चालतो (प्रश्न ३). पुरेशी आगाऊ सूचना न देता कंपनीने स्वतःच्या कारणाने विमान रद्द केलं, तर एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० आणि त्याहून लांबच्याला १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. दोन तासांपुढे सगळं एकाच पायरीवर असल्यामुळे दिल्ली काय आणि लंडन काय, आकडा तोच. बोर्डिंग पास मात्र दोन्हीकडे लागतो, तो उतरल्यावर फाडू नका.